नकटी नळी

माझ्या हातच्या काचेला कुणाला नाव ठेवायचं असेल, तर त्यानं समोर यावं. बावीस वर्षं मी या प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते. नळ्या, चंबू, पेले, बाटल्या, सगळं. मी धुतलेल्या नळीत पाणी ओतलं तर थेंब कुठे अडून बसत नाही, पातळ पदरासारखं सरळ खाली उतरतं. थेंब अडला म्हणजे चिकट राहिलंय, आणि चिकट राहिलंय म्हणजे मी पुन्हा धुणार. माझ्या माघारी सगळे मला चकाचक मावशी म्हणतात. मला ऐकू येतं. आवडतंही, पण तोंडावर तसं दाखवायचं नाही.

याच प्रयोगशाळेत माझी सून शास्त्रज्ञ आहे. घरी ती मला आई म्हणते आणि मी तिला अगं-तुगं करते. इथे ती मॅडम आणि मी मावशी. "मावशी, या नळ्या उद्या सकाळी लागतील," असं ती म्हणाली की मी मान खाली घालून "हो मॅडम" म्हणते. आणि संध्याकाळी घरी पाऊल टाकलं की विचारते, "मॅडम, हा ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला?" फिट्टंफाट. माझा मुलगा म्हणतो, तुम्हा दोघींच्या भांडणात मला टॉवेलाइतकीही किंमत नाही. खरं आहे ते.

तर झालं असं, की माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आणि मला दीड महिना रजा घ्यावी लागली. माझ्या जागी कामाला कोण? गोगलगाय. म्हणजे आमच्याकडचा दुसरा भांडी धुणारा. चाळिशीचा बाप्या, पण नळापासून ओट्यापर्यंत जायला त्याला अर्धा तास लागतो म्हणून हे नाव. बोलायला इतका गरीब, की रागावलं तरी "हो मावशी" म्हणून हसतो. मी आधीपासून म्हणत होते, गोगलगाय नि पोटात पाय!

नवे डोळे घेऊन मी परत आले आणि पहिल्याच सकाळी नळ्यांचं खोकं उघडून उजेडात धरलं. अगं बाई! एकेका नळीच्या आतून दुधाच्या सायीसारखी अंधुक झाक. तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, हे काय आहे?" मी त्याला खोलीत ओढलंच.

"नळ्या आहेत, मावशी."

"नळ्या मलाही दिसतात! त्यांच्या आत काय आहे?"

त्यानं एक डोळा मिटून नळीत बघितलं. "मला तर काही दिसत नाही."

"दिसेल कसं? एका टबात सगळं कोंबतोस ना तू?"

"हो. एकाच पाण्यात सगळं होतं. मग भट्टीत वाळवतो. भट्टीत जंतू मरतातच की."

जंतू मरतात म्हणे! मेलेला जंतू म्हणजे स्वच्छता का? त्याच टबात हा महाभाग दुधाची पावडर कालवलेली भांडीही भिजत घालायचा. ती पावडर प्रयोगात वापरतात, चहात नव्हे. मी त्याला बाहेर हाकललं, हातमोजे चढवले आणि सगळ्या नळ्या आम्लात बुडवल्या, घासल्या, पाच पाण्यांतून काढल्या. दोन दिवस गेले त्यात. शेवटी मोजलं तेव्हा एकशे चौदाच्या जागी एकशे तेराच भरल्या. नकटी हरवली होती.

नकटी म्हणजे तोंडाशी टवका उडालेली नळी. दहा वर्षांपूर्वी माझ्याच हातून आपटली होती, म्हणून ती टाकवत नव्हती. मी गोगलगायीला म्हटलं, "नकटी हरवलीस ना? शोध." तो "हो मावशी" म्हणाला आणि विसरला.

आता सूनबाईचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला तिनं एकदा स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, तेच सांगते.

"आई, समजा घरात चोर शिरला. अख्खी गल्ली काठ्या घेऊन धावली. चोर पडला, मेला. पण लोकांच्या अंगात आलेलं असतं, ते थांबतच नाहीत. कपाटं फोडतात, दारं तोडतात, शेवटी घरच्याच माणसाला बडवतात. जंतू अंगात पसरल्यावर शरीर असं करतं, त्याला सेप्सिस म्हणतात."

"आगीतून फुफाट्यात."

"अगदी. आता त्या गर्दीत एखादं वडीलधारं माणूस लागतं की नाही, पुढे होऊन 'पुरे आता, घरी जा' म्हणणारं? शरीर स्वतःच तसे बारीक तुकडे बनवतं. प्रोटिनचेच, पण अगदी छोटे. पेप्टाइड. त्यातले काही जंतूंना मारतात आणि काही आपल्याच पेशींना आवरतात. सेप्सिसमध्ये हे आवरणारे कमी पडतात. मी त्यातलाच एक बाहेरून देऊन बघतेय."

"आणि ऐकतात का पेशी?"

"तेच बघायचंय," ती म्हणाली आणि निवडलेली भाजी कचऱ्यात नि देठं पातेल्यात टाकली. हुशार आहे, पण अशी आहे.

तिचा प्रयोग मलाही नुसत्या डोळ्यांनी कळायचा. बारीक बारीक खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते. खळग्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यावर मेलेल्या जंतूंचे तुकडे टाकले की पेशी बोंबाबोंब करतात. दुसऱ्या दिवशी त्यात रंग घालायचा. जितकी बोंब जास्त तितका पिवळा गडद. पेप्टाइड माझ्या काचेच्या नळ्यांत पाणी घालून अगदी पातळ करायचं आणि काही खळग्यांत टाकायचं. त्यानं काम केलं तर तिथला पिवळा फिका पडतो.

आणि पडला होता की! मी रजेवर असताना ओळीनं चार वेळा. सहा वर्षं खपत होती पोरगी, चार वेळा लख्ख फिका रंग आला. मोठ्या साहेबांनी वरच्या समितीला कळवलं. समितीनं सांगितलं, अमुक तारखेला येतो, आमच्यासमोर पुन्हा करून दाखवा. दाखवलंत तर काम पुढे, नाहीतर खोली दुसऱ्यांना. माझ्या हजर होण्याच्या दिवसापासून तारीख पाच आठवड्यांवर होती.

त्या पाच आठवड्यांतल्या पहिल्या तीन आठवड्यांत रंग पिवळाजर्द.

एकदा, दोनदा, सहादा. पेप्टाइड घातलेलं असो नसो, सगळे खळगे सारखेच पिवळे. सूनबाईनं पेप्टाइड नवीन मागवलं, पेशी बदलल्या, पाणी बदललं. घरी जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायची. टॉवेल जागेवर वाळत घालायला लागली, तेव्हा तर मला तिची काळजीच वाटायला लागली.

एका दुपारी ती माझ्या धुण्याच्या खोलीत आली, दार लावलं आणि तिथे चक्क मला आई म्हणाली. "आई, मला वाटतं ते चार वेळाचं काहीतरी चुकून आलं होतं. औषध काही करतच नाही."

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," मी म्हटलं, कारण दुसरं काही सुचेना. "तू कर. मी नळ्या आणखी स्वच्छ देते."

आणखी स्वच्छ! देवा रे. आणि दिल्या मी. पाच पाण्यांच्या जागी सात.

मला हे काम तिच्याइतकंच हवं होतं, त्याचं कारण सांगायला हवं. माझे यजमान सायकली दुरुस्त करायचे. सात वर्षांपूर्वी त्यांच्या अंगठ्यात ब्रेकची तार घुसली. मी नळाखाली हात धुतला आणि हाताला येईल ती चिंधी बांधली. ती चिंधी ओट्यावरची होती. तिसऱ्या दिवशी ताप, पाचव्या दिवशी अतिदक्षता, आठव्या दिवशी गेले. सूनबाई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. डॉक्टर तिला म्हणाले होते, "जंतू औषधानं कधीच मेले, पण शरीर थांबायलाच तयार नव्हतं." ते वाक्य तिनं ऐकलं आणि त्याच्यामागे लागली. मीही ऐकलं, पण मला ते पटलं नाही. डॉक्टर लोक घरच्यांना बरं वाटावं म्हणून काहीही बोलतात. मला आपली ती चिंधी दिसत राहिली. त्याआधी मी भांडी दोन पाण्यांत धुवायची. त्यानंतर पाच.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही.

तर सातव्या वेळचा प्रयोग. ताटली रंगली, सगळी पिवळी, आणि मधेच एक खळगा फिका. अगदी पूर्वीसारखा.

"हा बघ की," मी म्हटलं, मग आजूबाजूला बघून, "म्हणजे, बघा की मॅडम."

"एखाद्या वेळी चुकतं हाताकडून, मावशी." तिनं ताटली बाजूला सारली.

पण दुपारी त्या नळ्या धुवायला माझ्याकडे आल्या. नळ्या ज्या ओळीनं वापरतात त्याच ओळीनं खाच्यांत उभ्या असतात. तो फिका खळगा सहावा होता. सहाव्या खाच्यात बघितलं, तर आमची नकटी!

"ही कुठे सापडली?" मी गोगलगायीला विचारलं.

"भट्टीच्या मागे घरंगळली होती. काल मिळाली. तुम्ही रागवाल म्हणून पटकन विसळून वाळवून ठेवली."

"विसळली कशी? तुझ्या पद्धतीनं?"

"हो मावशी. टबात."

मी नकटी उजेडात धरली. आत तीच अंधुक साय. आणि माझ्या डोक्यात जे काही लख्ख झालं ना, ते मोतीबिंदू काढल्यावरही झालं नव्हतं. चार वेळा प्रयोग जमला तेव्हा नळ्या यानं धुतल्या होत्या. सात वेळा फसला, तेव्हा मी. सातव्या वेळी एकच नळी याच्या हातची होती आणि तेवढीच फिकी आली.

खरं सांगते, एक दिवस मी गप्प बसले. बावीस वर्षं ज्याच्यावर नाक वर करून चालले तेच सुनेच्या मुळावर आलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि तेही गोगलगायीसमोर! रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. सकाळी चहा घेताना बघितलं, तर सूनबाई कपात साखर घालून ढवळत होती आणि ढवळतच राहिली होती. चहा गार झाला तरी. मग मात्र मला माझीच लाज वाटली.

प्रयोगशाळेत गेल्या गेल्या तिच्या टेबलासमोर उभी राहिले. "मॅडम, प्रयोग मी बिघडवतेय."

तिनं ऐकलं. नकटी हातात घेऊन फिरवली. मला वाटलं हसेल, ओरडेल. ती पांढरीफटक पडली.

"आई, म्हणजे ती घाणच काम करत होती. औषध नव्हतंच. सहा वर्षं मी दुधाच्या पावडरीवर..."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी घोडचूक कबूल करायला म्हणून आले आणि पोरीच्या पायाखालची जमीन काढून घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण बावीस वर्षं शास्त्रज्ञांची भांडी धुतलीत मी, थोडं तरी अंगाला लागणारच. म्हटलं, "रडायचं नंतर. मी माझ्या पद्धतीनं एक ओळ धुते. हा गोगलगाय त्याच्या पद्धतीनं दोन ओळी धुतो. त्याच्या एका ओळीत औषध घाल, दुसरीत नुसतं पाणी. नुसत्या पाण्यानंही रंग फिका आला तर घाणीचा गुण. नाहीतर औषधाचा."

तिनं डोळे पुसले आणि वही ओढली. गोगलगाय दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, मुद्दाम घाण धुवायचं मला जमेल का?"

"अरे, आजवर काय करत होतास? तसंच कर!"

त्या दिवशी मी त्याच्या शेजारी उभं राहून त्याला एकाच टबात सगळं कोंबताना बघितलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं ते. दोनदा हात पुढे गेला, दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेर बसा बरं," आणि मी बाहेर बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंग घातला. ताटलीभोवती आम्ही तिघं, मागे मोठे साहेब. रंग चढायला पंधरा मिनिटं लागतात. सूनबाईनं माझा हात धरला होता आणि तिची नखं मला टोचत होती.

माझी ओळ, औषधासकट, पिवळीजर्द.

गोगलगायीची औषधाची ओळ फिकी. अगदी उन्हात विटलेल्या कापडासारखी.

मग आम्ही तिसरीकडे बघितलं. गोगलगायीची ओळ, तीच साय, तोच टब, पण औषधाऐवजी नुसतं पाणी. पिवळी. माझ्या ओळीइतकीच पिवळी.

"औषधच आहे!" सूनबाई ओरडली. "आई, औषधच आहे ते!" आणि सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात पडली. मोठे साहेब चष्मा पुसत भिंतीकडे बघायला लागले. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, की ही माझी सून आहे म्हणून. बारा वर्षं इथे साहेब आहेत, पण आजवर त्यांना पत्ता नव्हता.

मग तिनं उलगडा केला. पेप्टाइडचे हे तुकडे भलते चिकट. कोऱ्या स्वच्छ काचेला बिलगून बसतात. त्यात इतके पातळ केलेले, की मी घासूनपुसून दिलेल्या नळीत जवळजवळ सगळे भिंतीलाच लटकून राहायचे. पेशींपर्यंत पोचायचं ते फक्त पाणी. गोगलगायीच्या नळीत दुधाच्या प्रोटिननं आधीच सगळी भिंत अडवलेली, म्हणून औषधाला चिकटायला जागाच नाही. बिचारं मोकळं राहायचं आणि आपल्या कामाला जायचं.

"अति तिथे माती," मोठे साहेब म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

गोगलगाय मात्र फक्त हसला. हेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी घरून डबा नेला. माफी मागायची माझी तीच पद्धत आहे. त्याला ती कळली आणि त्यानं डबा धुऊन परत दिला. माझ्या पद्धतीनं धुऊन, बरं का! वास घेऊन बघितला मी.

सूनबाईनं नवीन रीत बसवली. नळ्या मी धुवायच्या, चकाचक. मग त्यात शुद्ध प्रोटिनचं पाणी फिरवून तो थर मुद्दाम चढवायचा, आणि ते काम गोगलगायीचं. तो ते इतक्या सावकाश करतो, की एकही जागा सुटत नाही. ज्याचं त्याचं काम असतं बाई.

समिती आली. तीन माणसं, तिघांचेही चेहरे कडू औषध प्यायल्यासारखे. ताटली रंगली. औषधाची ओळ फिकी, बिनऔषधाची पिवळी. तीन ताटल्या केल्या, तिन्ही तशाच. त्यातल्या एका बाई विचारत होत्या, की मधल्या काळात जमत का नव्हतं. सूनबाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनी कारण शोधलं." कारण मीच होते, हे तिनं सांगितलं नाही. खोली आमचीच राहिली, आणि कामही.

सगळे चहाला गेले. मी ताटल्या उचलायला म्हणून मागे राहिले, पण उचलल्या नाहीत. एक ताटली खिडकीशी नेली आणि शेजारशेजारचे दोन खळगे बघत बसले. एक पिवळा, एक फिका. दोन्हींत जंतूंचे तुकडे सारखेच. घाण तेवढीच. एका ठिकाणी 'पुरे' म्हणणारं कुणी होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं.

सूनबाई कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. "आई, चहा गार होतोय."

"यांना मी चिंधी बांधली होती," मी म्हटलं. "अंगठ्याला. ओट्यावरची होती. घाण होती ती."

ती स्टूल ओढून माझ्याजवळ बसली.

"सात वर्षं मला वाटतंय, मी मारलं त्यांना."

"आई, तार आधीच आत घुसली होती," ती हळूच म्हणाली. "जंतू तेव्हाच आत गेले. आणि शेवटी ते मेलेही होते. बाबांच्या अंगात थांबवणारं कमी पडलं. हे बघताय ना तुम्ही?"

"बघतेय," मी म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच. फरक इतकाच, की आता ते मला दिसत होतं. मग मी रडले, अगदी मोठ्यानं, नाक ओढत, आणि तिनं मला डोळे पुसायला समोरचा फडका दिला. कुठला होता कोण जाणे. मी विचारलं नाही, पुसले.

त्या संध्याकाळी घरची भांडी मी दोन पाण्यांत धुतली. मुलानं एक पेला दिव्यासमोर धरला आणि घाबरून मला हाक मारली, "आई, याच्यावर डाग राहिलाय!"

"राहू दे," मी म्हटलं. "आणि तो टॉवेल पलंगावर कुणी टाकलाय?"

"मी," सूनबाई आतून ओरडली.